साठीची भेट म्हणून घेतलेली 'जंगली चेरी'

आमचे हे फौजेत असताना राणीखेतला होते. तिथल्या पद्म झाडांबद्दल, म्हणजे हिमालयातल्या जंगली चेरीबद्दल, ते अजून बोलतात. बाकीची झाडं निष्पर्ण व्हायला लागली की ऐन नोव्हेंबरात ती गुलाबी फुलांनी भरून जातात. म्हणून यांच्या साठीला तेच झाड द्यायचं माझ्या मनात होतं.

जानेवारीत बेळगावात आठवडाभर रोपांचा एक स्टॉल लागला होता. तिथे उथळ ट्रेमध्ये मनगटाएवढ्या खोडाचं, फुलं आलेलं बोन्साय दिसलं. विक्रेता म्हणाला, "अक्का, हिमालयातली जंगली चेरी. 15 वर्षांची. आमच्या गुरुजींनी हाताने वाढवलीय." इथे जगेल का विचारलं, तर म्हणाला, "बेळगाव म्हणजे गरिबांचं महाबळेश्वर की. थंडी आहेच तुमच्याकडे." मला ते पटलं. 8,500 रुपये मोबाइलवरून दिले. नाव भलत्याच माणसाचं दिसलं, ते भावाचं खातं म्हणाला.

पद्म हिमालयात साधारण 1,200 ते 2,400 मीटर उंचीवर वाढतं आणि बेळगाव जेमतेम 750 मीटरवर आहे. युरोपातल्या जंगली चेरीला तर फुलायला 7 अंशांखालचे शेकडो तास लागतात. आपल्याकडे पहाटे स्वेटर लागतो, पण तेवढ्या गारठ्याने भागत नाही. हे मी नंतर वाचलं.

चार दिवसांनी एक फूल हातात आलं. कापडाचं होतं, फांदीला गोंदाने चिकटवलेलं. मी यांना काही बोलले नाही. फोन लावला तर बंद. मग रोज पाणी घालत राहिले, पण पाणी मुरतच नव्हतं, कडेने वाहून जायचं. वरचे पांढरे गोटे उचलायला गेले तर हलेनात. तेही चिकटवलेले होते.

पावसाळ्यात झाडाला खरी फुलं आली आणि मग लालभडक फळं धरली. हे किती खूश झाले! खानापूरचा माझा भाचा शेतकी शिकतोय, तो आला होता. त्याने फळ फोडलं. "मावशी, आत तीन बिया आहेत. चेरीत एकच कठीण आठळी असते. ही बार्बाडोस चेरी, नर्सरीत शंभर-दीडशेला मिळते." मग त्याने पानं दाखवली. या झाडाची पानं समोरासमोर जोडीने, कडा गुळगुळीत. खऱ्या चेरीची पानं एकाआड एक येतात, कडेला करवतीसारखे दाते असतात आणि देठावर पानालगत बहुधा दोन बारीक गाठी दिसतात. साल चकचकीत तांबूस, तिच्यावर आडव्या रेघा. इतकं घरच्या घरी बघता येतं, फक्त कुणीतरी आधी सांगायला हवं.

खोड मात्र जाड आणि खरोखरच जुनं दिसत होतं. आम्ही झाड ट्रेमधून काढलं. जुनं म्हणत होतो ते वाळकं लाकूड निघालं. त्याला मागून खाच पाडून, बोटाएवढं रोप बसवून स्क्रूने आवळलेलं, वर शेवाळ. जपानात अशा जोडकामाला तानुकी म्हणतात आणि सांगून केलं तर ती कलाच आहे. मला 15 वर्षांचं झाड म्हणून विकलं होतं. चेरीची जाड फांदी तोडली तर जखम भरायला फार वेळ घेते, डिंक गळतो. इतकी वर्षं छाटलेल्या चेरीवर एक तरी वण असायला हवा होता. इथे एकही नव्हता, आणि मला तेच देखणं वाटलं होतं.

ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार करायचं ठरवलं, पण विक्रेत्याचं नाव-पत्ता काय सांगणार? माझ्याकडे साध्या कागदाची चिठ्ठी. तिच्यावर फक्त रक्कम आणि 'चेरी 1 नग'.

मला पैशांपेक्षा यांचा चेहरा जास्त लागला. "असू दे, झाडाचा काय दोष," एवढंच म्हणाले आणि ते रोप मोकळं करून परसात लावलं.

गेल्या महिन्यात निपाणीत माझ्या बहिणीला तसाच स्टॉल दिसला. तसाच ट्रे, तशीच गुलाबी फुलं. तिने वरचे गोटे उचलून बघू का विचारलं. त्याने हात आडवा घातला.