एका सुईचं कॉम्प्युटराइज्ड भरतकाम मशीन: हाताने भरणाऱ्यांनी घ्यावं का?

वर्षानुवर्षं रिंग हातात धरून भरतकाम करणाऱ्यांच्या मनात या मशीनबद्दल धाकधूक असते. माझ्याही होती. माझं मशीन घरगुती, एका सुईचं आहे. रिंग १०० बाय १०० मिलिमीटरची, वेग मिनिटाला ४०० टाक्यांपर्यंत.

टाके सुबक पडतात, एकसारखे पडतात. रंग बदलला की मशीन थांबतं आणि रीळ आपणच बदलायचं, म्हणजे सात रंगांचं फूल लावून स्वयंपाकाला निघून जाता येत नाही. आवाज बराच आहे.

खरी गंमत कॉम्प्युटरवर आहे. सोबतच्या सॉफ्टवेअरला पानाचं चित्र दिलं की ते आपोआप टाके आखून देतं, पण सगळं पान एकाच दिशेने भरून टाकतं. असं पान कापडावर चिकटवल्यासारखं दिसतं. हाताने भरताना आपण मधल्या शिरेपासून दोन्हीकडे तिरके टाके घेतो, त्यामुळे दोन अर्ध्यांवर उजेड वेगवेगळा पडतो. तेच मी पडद्यावर केलं: पानाचे दोन भाग केले, प्रत्येकाला टाक्याची दिशा दिली, दोन ओळींतलं अंतर ०.४ मिलिमीटर ठेवलं. पान जिवंत झालं! गोल भरतानाही असंच. दोरा टाक्याच्या दिशेने कापड ओढतो आणि गोलाचा अंडाकार होतो, म्हणून त्या बाजूने आकृती किंचित वाढवून काढावी लागते. कापड कसं ओढलं जातं हे बोटांना आधीच ठाऊक असेल, तर हे पटकन जमतं. म्हणूनच मला वाटतं, हे मशीन नवख्यांपेक्षा हाताने भरणाऱ्यांच्या जास्त कामाचं आहे.

गाठीचा टाका मात्र विसरा. वरचा दोरा आणि बॉबिनचा दोरा एकमेकांत अडकवणं एवढंच याला येतं. फुलाच्या मधल्या गाठी मी नंतर हातानेच घालते आणि त्या घालताना मला फार बरं वाटतं.

एकाच नक्षीचे डझनभर रुमाल करायचे असतील, तर जरूर घ्या. एकच कापड मन लावून भरायचं असेल तर नको. आणि महागडं सॉफ्टवेअर घेण्याआधी इंक-स्टिच वापरून पाहा. ते मोफत आहे, टाक्यांच्या दिशा त्यात हाताने देता येतात. कापडाखाली स्टॅबिलायझर, म्हणजे कापडाला आधार देणारा कागदासारखा थर, लावायला विसरू नका, नाहीतर सुती कापड हमखास चुरगळतं.