किकिंग क्लिनिकला 240 डॉलर दिले आणि पोरानं अकराच किका मारल्या

मी मूळचा कोल्हापूरचा. फुटबॉल म्हणजे शाहू स्टेडियम, पाटाकडील विरुद्ध प्रॅक्टिस क्लब, आणि मॅच संपल्यावर रात्री उशिरापर्यंत पेठेत चालणारा वाद. अंड्यासारखा बॉल काखेत मारून पळायचं आणि त्याला फुटबॉल म्हणायचं, हे सिएटलला 14 वर्षं काढूनही मला पचलेलं नाही. पण पोरगा लहानपणापासून सॉकर खेळलेला. शाळेच्या टीमला किकर हवा होता, त्यांनी याला उभा केला. गेल्या सीझनमध्ये त्याचे तीन फील्ड गोल (जमिनीवर टेकवलेला बॉल गोलपोस्टमधून मारायची किक) समोरच्यांनी अडवले आणि घरात एकच रड सुरू झाली, "बाबा, माझ्या पायात जोर नाही."

म्हणून जुलैत दोन दिवसांच्या स्पेशल टीम्स क्लिनिकला घातला. किकऑफ (खेळ सुरू करणारी किक), पंट (हातातून सोडून मारलेली किक), फील्ड गोल, म्हणजे जिथं बॉल लाथेनं मारतात ते सगळं या खात्यात येतं. शिकवणारा माणूस एनएफएलमध्ये, म्हणजे इथल्या व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये, काही वर्षं खेळलेला. कागदावर लाइनबॅकर, म्हणजे बचावातला खेळाडू, पण खरी नोकरी किकऑफला जीव तोडून पळायची आणि समोरच्याला आडवा करायची. टीव्हीवर त्याचं नाव कोणी फारसं घेतलं नसेल.

पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीपर्यंत पोराच्या वाट्याला अकरा किका आल्या. मी मोजत बसलो होतो. बाकीचा वेळ तो गुडघ्यावर बसून दुसऱ्यांसाठी बॉल धरत होता. डोकं फिरलं. सुट्टीत जाऊन विचारलंच. कोचनं वाद घातला नाही; माझ्या फोनवर स्टॉपवॉच लावायला सांगितलं. स्नॅपरच्या (बॉल मागं फेकणाऱ्याच्या) हातून बॉल सुटला की सुरू, पायाला लागला की बंद. पोराची वेळ आली 1.62 सेकंद. हवी साधारण 1.3; त्याहून उशीर झाला की समोरचे पळत येऊन किक अडवतात.

मग त्यानं तेच सावकाश करून दाखवलं. स्नॅपर सात यार्ड मागं बॉल फेकतो, होल्डर (किकरसाठी बॉल धरणारा) तो झेलतो, खुणेवर टेकवतो, लेस, म्हणजे बॉलवरची दोऱ्याची शिवण, गोलपोस्टकडं फिरवतो. आमच्या पोराच्या टीममधला होल्डर त्याच्याबरोबरच आला होता, तो लेस शोधत बसायचा आणि पोरगा पाऊल अडवून वाट बघायचा. पायाचा काही दोषच नव्हता! स्वतः बॉल धरल्याशिवाय किकरला हे कळत नाही, म्हणून कोच सगळ्यांना गुडघ्यावर बसवतो. रविवारी संध्याकाळी वेळ 1.41 वर आली. हायस्कूलला बॉलखाली दोन इंचांपर्यंतचा ठोकळा चालतो, कॉलेजात चालत नाही. तोही त्यानं पहिल्या तासातच काढून घेतला होता.

असली माणसं या कामात का येतात, ते मला तिथं उमगलं. लॅरी इझो 1996 मध्ये ड्राफ्टमध्ये (टीम्स नवे खेळाडू निवडतात त्यात) निवड न होता लीगमध्ये आला, स्पेशल टीम्सच्या जिवावर टिकला, पेट्रियट्स या टीमकडून तीन सुपर बोल (लीगची फायनल) जिंकला आणि पुढं याच खात्याचा कोच झाला. आमच्या सिएटलच्या टीमकडं, सीहॉक्सकडंही होता. हीथ फारवेलचीही वाट तीच. तो सीहॉक्सकडून खेळला, इथंच कोचिंग सुरू केलं, मग बफेलो आणि जॅक्सनव्हिलला या खात्याचा प्रमुख झाला. स्टारला स्वतःची एक जागा सांभाळली की पुरतं. या लोकांची नोकरी दर आठवड्याला टांगणीला असायची, त्यामुळं अकराच्या अकरा जणांनी काय करायचं ते त्यांना पाठ असतं.

आता तक्रारी. तीस पोरं आणि कोच दोनच. पंटिंगला जेमतेम अर्धा तास दिला, तेव्हा तुमचा मुलगा पंटर असेल तर इकडं फिरकू नका. मैदानावर सावली नाही. कबूल केलेला व्हिडिओ तीन आठवड्यांनी आला, आणि त्यात आमचा पोरगा नव्हताच, दुसऱ्याच कुणाचा तरी होता. दोनदा मेल केल्यावर बरोबर फाइल मिळाली. शिवाय कोच बोलायला लागला की निम्मे शब्द त्यांच्या धंद्यातले. नवख्या आईबापांनी शेजाऱ्याला विचारत बसायचं.

पाचपैकी चार. एकट्या किकरला पाठवू नका, शाळेचा स्नॅपर आणि होल्डर बरोबर न्या. तिघं मिळून गेलात तर फीमध्ये सूट आहे, पण विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. आम्हाला रविवारी दुपारी कळलं.