गोव्यात हॉटेल की भाड्याचा फ्लॅट?

दोघंच दोन रात्रींसाठी जाणार असाल तर सरळ हॉटेल घ्या. नाश्ता आयता मिळतो आणि रात्री एसी बंद पडला तर रिसेप्शनला फोन केला की माणूस येतो.

आजी-आजोबा, पोरंबाळं धरून सहा-सात जण चार दिवस राहणार असाल तर मात्र फ्लॅटच परवडतो. म्हापशाच्या बाजारातून सुरमई आणावी, आजीचा मऊभात वेगळा लावावा, ओले कपडे गॅलरीत वाळत घालावेत. हॉटेलात हे कुठलं जमायला? (सुट्टीत स्वयंपाक कोण करणार, हे घरातच ठरवून निघा!) साफसफाईचे पैसे, डिपॉझिट, लिफ्ट, भरलेला सिलिंडर, सगळं आधी विचारा. शिवाय पर्यटकांना दिलेल्या घरांनाही पर्यटन खात्याची नोंदणी लागते. तो नंबर मागायला लाजू नका.