जुन्या झेनचा शॉर्ट, दोन गॅरेजं आणि कुर्ल्याचे चाचा

गाडी १९९९ ची मारुती झेन, कार्बोरेटरवाली, बाबांनी घेतलेली आणि बाबांना ती विकायची नाहीये, एवढं सांगितलं की बाकीचं कळेलच. २०१४ ला १५ वर्षं झाली तेव्हापासून दर ५ वर्षांनी आरटीओच्या खेपा, ग्रीन टॅक्स, सगळं इमानदारीत चालू आहे.

तर प्रॉब्लेम होता पार्किंग लाइटच्या फ्यूजचा. उडायचा. रोज उडला असता तर बरं झालं असतं, पण कधी आठवडाभर काहीच नाही आणि मग एका दिवसात दोनदा. तो गेला की मागचे लाल दिवे, नंबरप्लेटचा बल्ब आणि मीटरचा उजेड एकदम बंद, हेडलाइट मात्र मस्त चालू, म्हणजे चालवणाऱ्याला वाटतं सगळं ठीक आहे आणि मागून येणाऱ्या डंपरला आपण दिसतच नाही. मला कळलं ते चेंबूर नाक्याच्या सिग्नलला एका रिक्षावाल्याने ओरडून सांगितलं तेव्हा.

पहिलं गॅरेज घराजवळचं, नाव घेत नाही, रोज तोंड बघायचंय त्यांचं. त्यांनी लाइटचा स्विच बदलला, १४०० घेतले. चार दिवसांनी फ्यूज परत उडला म्हणून गेलो तर म्हणे आता नाही उडणार, आणि खरंच नाही उडला. का नाही उडला ते नंतर कळलं. गॅरेजवाल्या भावाने १५ अँपियरचा निळा फ्यूज काढून ३० चा हिरवा बसवून दिला होता! अरे फ्यूज कशासाठी असतो, वायर जळायच्या आधी आपण जळायला. ३० चा टाकला की फ्यूज शाबूत राहतो आणि वायर तापते. सायन-पनवेल हायवेवर आई म्हणाली काहीतरी जळकट वास येतोय, मी म्हटलं बाहेरचा असेल, मुंबईत कुठला ना कुठला वास येतच असतो. बाहेरचा नव्हता.

दुसरीकडे, एका मोठ्या सर्व्हिस सेंटरला, गाडी दोन दिवस ठेवून घेतली आणि सांगितलं पूर्ण वायरिंग हार्नेस, म्हणजे गाडीभरच्या वायरींचं जुडगंच बदला, १८ हजार, शिवाय पार्ट मिळेल याची गॅरंटी नाही. शॉर्ट नेमका कुठे आहे विचारलं तर "सर, जुनी गाडी आहे". हे काय उत्तर झालं? जुनी आहे म्हणून तर उलट सोपी आहे, हिच्यात कॉम्प्युटरच नाहीये.

मग ऑफिसातल्या एकाने कुर्ल्याचं सांगितलं. सीएसटी रोडवर स्पेअर पार्टवाल्यांची लाइन आहे ना, तिथून आत गल्लीत. दुकानाला नाव असं नाही, पत्र्यावर रंगाने "ऑटो इलेक्ट्रिशियन" एवढंच लिहिलंय. आत जेमतेम एक गाडी मावते, दुसरी रस्त्यावर. मिस्त्रींना सगळे चाचाच म्हणतात. मूळचे राजापूरकडचे, बोलणं मस्त कोकणी वळणाचं मराठी, आणि सुरुवात पद्मिनीच्या वायरिंगवर केलेली. साहजिकच आहे म्हणा, प्रीमियरची फॅक्टरी कुर्ल्यातच होती.

पहिल्यांदा त्यांनी गाडीला हातच लावला नाही. नुसते प्रश्न. कधी उडतो? पावसात जास्त? खड्ड्यात? मागे कोणी बसलेलं असतं का? मी म्हटलं हो, आईबाबा असले की उडतो बहुतेक, मी एकटा असलो की नाही. त्यावर नुसतं "हं". मग फ्यूजबॉक्स उघडून तो हिरवा फ्यूज बघितला आणि माझ्याकडे असं बघितलं की मीच लाजलो.

आता हे जरा डिटेलमध्ये सांगतो कारण मला हे माहीतच नव्हतं. फ्यूज काढून त्याच्या जागी दोन वायरींनी एक इंडिकेटरचा बल्ब लावला, १२ व्होल्ट २१ वॉटचा साधा. त्याआधी पोऱ्याकडून टेलचे, पुढच्या पार्किंगचे, नंबरप्लेटचे सगळे बल्ब काढून घेतले आणि मीटरचा सॉकेटपण ओढला, कारण ते जागेवर असले की हा बल्ब तसाही मंद पेटणार आणि काही कळणार नाही. सगळं काढल्यावर करंटला जायला रस्ताच उरत नाही. तरीही बल्ब पेटला तर वायर कुठेतरी बॉडीला टेकतेय, तोच शॉर्ट. आणि करंट बल्बमधून जातोय, पावणेदोन अँपियरच्या वर जाऊच शकत नाही, म्हणजे कितीही वेळ शोधा, काही जळणार नाही. नाहीतर एकेक फ्यूज उडवत बसायचं.

स्विच ऑन केला. बल्ब बंद. डॅशखालच्या वायरी हलवल्या, बंद. डिकीतल्या हलवल्या, बंद. मला वाटलं झालं, आज शॉर्ट होणारच नाही, डॉक्टरकडे गेल्यावर खोकला थांबतो तसं. मग चाचा म्हणाले, "तुमी मागे बसा, आई बसते तशी." मी डाव्या दरवाजातून चढलो, उंबऱ्यावर पाय पडला आणि पोऱ्या ओरडला, पेटला! उतरलो, गेला. परत पाय दिला, पेटला.

दरवाजाच्या खालची प्लॅस्टिकची पट्टी काढली. गेल्या वर्षी नवीन मॅटिंग घातलं होतं, तेव्हा मॅटिंगवाल्याने पट्टीला ओरिजिनल स्क्रूऐवजी चांगला दीड इंची स्क्रू मारला होता आणि तो पत्र्यालगत मागे जाणाऱ्या वायरींच्या जुडग्यातून आरपार. टोकाला हिरवा गंज चढलेला, एका वायरचं कव्हर वितळून शेजारच्या दोघींना चिकटलेलं. पाय पडला की पट्टी दबायची, स्क्रू तांब्याला टेकायचा. पावसात मॅट ओलं असलं की अजूनच.

जोडणीपण नीट केली. जळका तुकडा कापून तेवढ्याच जाडीची नवीन वायर सोल्डर केली, स्लीव्ह चढवून गरम केली, वर टेप, जुडगं आत सरकवून बांधलं आणि अर्ध्या इंचाचा स्क्रू. १५ चा फ्यूज. साडेतीन तास गेले, पैसे ९०० आणि वर दोन चहा मीच पाजले. पार्ट असा काही बदललाच नाही, पैसे घेतले ते शोधायचे, आणि मला तेच पटलं. १८ हजारवाल्यांनी तो बल्ब लावायला अर्धा तास दिला असता तर त्यांनाही सापडला असता.

आता तक्रारी. बसायला जागा नाही, टायरवर बसलो होतो. बिल मागितलं तर हसले. फोन उचलत नाहीत. शुक्रवारी नमाजला दुकान दुपारी बंद असतं, ते मला माहीत नव्हतं, पहिली खेप फुकट गेली. पट्टीची एक क्लिप तुटली ती तशीच सोडली, आता दार लावलं की खडखडते. एसीचंही विचारलं तर सरळ "आपलं काम नाय ते" म्हणाले, हे मला खरंतर आवडलं. आणि गाडी न्यायची तर सकाळी दहाच्या आत, नंतर त्या गल्लीत ट्रक लागतात. जोराच्या पावसात तर जाऊच नका, कुर्ल्यात पाणी भरतं, एक शॉर्ट काढायला जाल आणि चार घेऊन याल.

दोन महिने झाले, फ्यूज तोच आहे. स्क्रू मी अ‍ॅशट्रेत ठेवलाय. बाबांना दाखवला तर म्हणाले मॅटिंग मात्र चांगलं बसवलंय हां त्याने.