पितळी समई, बारा इंची, पाच वातींची: गणपतीपासून पाडव्यापर्यंतच्या वापरानंतर

दुकानात समई निवडताना सगळ्यांची नजर आधी वरच्या मोराकडे जाते. रोजच्या वापरात मोराचा काही संबंध येत नाही. बघायची ती जोडाची आटी आणि वात टेकते ती खोबण.

ही समई तीन तुकड्यांत सुटते: बैठक, दांडा आणि मोरासकट तेलाची वाटी. वाटीच्या मधोमध आट्यांचा जोड आहे आणि तेल झिरपतं ते तिथूनच. आठवडाभरात दांड्यावर चिकट ओघळ दिसू लागतात. नळाला लावतात ती पांढरी टेफ्लॉन टेप आट्यांवर तीन-चार वेढे, जोड आवळण्याच्याच दिशेने, गुंडाळली की झिरपणं थांबतं. उलट गुंडाळली तर आवळताना टेप गोळा होऊन निघून येते.

जमिनीवर तेलाचं थारोळं मात्र जोडामुळे नाही, वातीमुळे होतं. वातीचं टोक खोबणीबाहेर खाली लोंबत असेल, तर दिवा शांत झाल्यावरही वात तेल ओढत राहते आणि रात्रभर ठिबकते. समई शांत केली की वात आत सारावी. तेलही काठोकाठ नको, खोबणीच्या अर्धा पेर खालपर्यंत पुरे. जळताना टोक गव्हाच्या दाण्याएवढंच बाहेर ठेवावं. जास्त काढलं की काजळी धरते. या समईच्या खोबणी उथळ आहेत, त्यामुळे जाड जोडवात घसरते. वात थोडी बारीक वळून घ्यावी लागते.

नवी असताना जी झळाळी दिसते ती लॅकरची, म्हणजे वरून दिलेल्या पारदर्शक लेपाची. ज्योतीजवळ ते तपकिरी पडून डाग दिसतात. सोडा घातलेल्या उकळत्या पाण्यात ठेवलं की पापुद्रा सुटतो. ते आधीच केलेलं बरं.

घासताना थेट चिंच लावण्यात अर्थ नाही, कारण आंबटाने तेलाचा चिकटा निघत नाही. आधी कागदाने पुसून गरम पाणी आणि धुण्याचा सोडा, मग चिंच-मीठ, तेही पाचेक मिनिटंच. जास्त वेळ राहिलं तर पितळेतलं जस्त निघून तांबूस चट्टे पडतात. (रांगोळीने घासणं जुनंच, पण नक्षी झिजते.) लगेच कोरडी करावी, आट्यांतलं पाणीसुद्धा टिपावं, तिथेच हिरवट कळंक धरतो.

बैठक पोकळ आणि वजनाला हलकी आहे. लहान मुलं असलेल्या घरात हीच समई रुंद बुडाची घ्यावी.