टेकडीलगतचा फ्लॅट की मुळशीकडचा प्लॉट? वणव्याचा हिशेब आधी करा

साठवलेले पैसे आणि झेपेल तेवढं कर्ज यांच्या जोरावर डोंगराजवळ काहीतरी घ्यायचं म्हटलं, की पुण्यात दोन पर्याय हमखास पुढे येतात. बाणेर, पाषाण, बावधन, वारजे, कात्रज या पट्ट्यात टेकडीला चिकटून असलेला टू बीएचके, नाहीतर मुळशी, पानशेत, वेल्हे भागात पाच-दहा गुंठ्यांचा प्लॉट आणि त्यावर पुढेमागे छोटं घर. दोन्हीकडे विकला जातो तो डोंगरच. साइट बहुतेक वेळा पावसाळ्यात किंवा दिवाळीच्या आसपास दाखवतात, सगळं हिरवंगार असताना. फेब्रुवारीत तेच गवत वाळून पिवळं पडतं आणि मग पाऊस येईपर्यंत वणव्याचा मोसम असतो. त्याबद्दल ना माहितीपत्रकात ओळ असते, ना एजंट बोलतो.

वणव्याने घरांचा बाजार कसा हलतो ते कॅलिफोर्नियात ढळढळीत दिसलं. ८ नोव्हेंबर २०१८ ला लागलेल्या ‘कॅम्प फायर’मध्ये पॅराडाईस हे गाव जवळपास अख्खं जळालं. ८५ माणसं गेली, १८ हजारांहून जास्त इमारती खाक झाल्या. बेघर झालेली कुटुंबं शेजारच्या चिको शहरात आली आणि तिथे घर मिळणं मुश्कील झालं. पण त्याहून खोल परिणाम विम्यातून झाला. वणव्याच्या पट्ट्यातल्या पॉलिसींचं नूतनीकरण कंपन्या नाकारू लागल्या. मे २०२३ मध्ये स्टेट फार्म या बड्या कंपनीने तिथे घरांचे नवे विमे उतरवणंच थांबवलं. विमा नाही तर बँक कर्ज देत नाही, कर्ज नाही तर गिऱ्हाईक येत नाही. घराला आगीची झळही न लागता त्याचा भाव उतरू शकतो, तो असा. शिवाय धोक्याच्या क्षेत्रातलं घर विकताना तिथे तसं लेखी सांगावं लागतं.

आपल्याकडे ही साखळीच नाही. कर्ज मंजूर करताना बँक सातबारा, मंजूर नकाशा, टायटल बघते. मागच्या उन्हाळ्यात शेजारचा डोंगर जळाला होता का, हे विचारत नाही. विकणाऱ्यावर ते सांगायचं बंधन नाही. त्यामुळे वणवा भावात उतरतच नाही. उलट टेकडी दिसते म्हणून पीएलसीच्या, म्हणजे मोक्याच्या जागेच्या जादा आकाराच्या नावाखाली चार पैसे जास्तच लागतात. धोका नाही म्हणून भाव चढा आहे असं समजू नका. धोका कुणी मोजलेलाच नाही, आणि तो मोजण्याचं काम घेणाऱ्याच्याच अंगावर येतं.

आता फ्लॅट. कॅलिफोर्नियातली घरं बहुतांशी लाकडी सांगाड्याची असतात. वाऱ्याबरोबर उडालेले निखारे छपराखाली, झरोक्यातून आत शिरतात आणि घर आतून पेटतं. आपली इमारत आरसीसीची, भिंती विटांच्या नाहीतर ब्लॉकच्या. टेकडीवरचं गवत भडकन पेटतं आणि पटकन विझतंही. त्यामुळे वणव्याने अख्खी इमारत पेटण्याची शक्यता फार कमी. पेटतं ते कडेचं सामान. गॅलरीला बांधलेली हिरवी शेडनेट, वाळत घातलेले कपडे, आणि मुख्य म्हणजे कंपाउंडची भिंत आणि टेकडीचा उतार यांच्यामधली ती अरुंद घळ. गिरिपुष्पाचा पाला, प्लॅस्टिक, सोसायटीने टाकलेल्या फांद्या असं सगळं तिथेच साठतं, आणि भिंतीच्या अलीकडे नेमकं दुचाकींचं पार्किंग असतं. फ्लॅट बघायला गेलात की सॅम्पल फ्लॅटच्या आधी ही घळ बघा. जुनी सोसायटी असेल तर अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, म्हणजे ‘फॉर्म बी’ मागा. राज्याच्या २००६ च्या कायद्यानुसार तो दर जानेवारी आणि जुलैत द्यावा लागतो. जानेवारीचा असेल तर उत्तम, मोसमाच्या तोंडावरच तपासणी झालेली असते.

फ्लॅटवाल्याला खरा त्रास धुराचा. उन्हाळ्यात रात्री खिडक्या उघड्या असतात आणि सकाळी गॅलरीत गवताच्या जळक्या काड्या पडलेल्या दिसतात. घरात दम्याचं माणूस असेल तर या एका मुद्द्यावरही निर्णय फिरू शकतो.

दुसरी गोष्ट पावसाळ्यातली. गवत जळलं की माती धरून ठेवणारं फारसं काही उरत नाही आणि जोराच्या सरीत तीच माती खाली येते. कॅलिफोर्नियातल्याच माँटेसिटोत डिसेंबर २०१७ च्या वणव्यानंतर ९ जानेवारी २०१८ ला पाऊस झाला आणि चिखलाच्या लोंढ्यात २३ जणांचा जीव गेला. आपल्या टेकड्या तेवढ्या उंच नाहीत, पण पायथा कापून इमारती उभ्या केल्या आहेत. मागची रिटेनिंग वॉल, म्हणजे उताराची माती अडवणारी भिंत, आणि तिच्यात पाणी निघून जायला ठेवलेली भोकं तपासा. ती पाल्याने आणि राखेने बुजलेली असतील तर सोसायटी किती लक्ष देते ते तिथेच कळतं.

प्लॉटचं गणित वेगळं आहे, आणि मला ते जास्त काळजीचं वाटतं. डोंगरातले वणवे सहसा आपसूक लागत नाहीत. भातासाठी राब भाजताना, म्हणजे रोपांची जागा पालापाचोळा जाळून भाजताना, आग हाताबाहेर जाते. गवत जाळलं की पुढच्या वर्षी चांगलं येतं, या समजुतीने लावली जाते. सहलीला आलेल्यांची चूल, फेकलेली बिडी, हेही आहेच. शिवाय आग चढावर वेगाने धावते, कारण ज्वाळा वरचं गवत आधीच तापवून ठेवतात. म्हणजे खाली धरणाचं पाणी दिसतं म्हणून सगळ्यात महाग विकला जाणारा वरच्या अंगाचा प्लॉटच बहुधा सगळ्यात धोक्याचा असतो. गावालगतचा, सपाटीवरचा प्लॉट स्वस्तही असतो आणि बराही.

त्यात हल्ली तिथे लाकडी कॉटेज, बांबूची छपरं, लाकडी डेक बांधायची हौस वाढली आहे. म्हणजे आरसीसीमुळे मिळणारं संरक्षण आपण आपल्या हाताने काढून टाकतो. घर वाचलं तरी ठिबकच्या नळ्या, काळी टाकी, कुंपण आणि पोटच्या पोरासारखी वाढवलेली आंब्याची कलमं एका दुपारीत जातात. अग्निशमनची गाडी शहरातल्यासारखी पटकन पोचत नाही, आणि एप्रिल-मेमध्ये विहिरीत पाणी असेलच असं नाही.

विमा दोन्हीकडे तपासा. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी द्यावी लागते आणि वणव्याने झालेलं नुकसान तिच्यात येतं. दरडही येते. फ्लॅटवाल्याला हा मोठा दिलासा आहे. मात्र भरपाई बांधकामाच्या खर्चावर ठरते, तुम्ही मोजलेल्या भावावर नाही. पुण्यात फ्लॅटच्या किमतीत जमिनीचा वाटा मोठा असतो, तो यात धरला जात नाही. आणि नुसत्या प्लॉटवर तर विमा उतरवायला घरच नसतं.

जुने वणवे शोधणं फारसं अवघड नाही. नासाच्या ‘फर्म्स’ नकाशावर मागच्या कुठल्याही उन्हाळ्याची तारीख टाकली की उपग्रहांना दिसलेले जाळाचे ठिपके फुकट बघता येतात. त्यात राब भाजल्याचे ठिपकेही येतात आणि छोटी आग निसटूनही जाते, म्हणून एकट्या नकाशावर विसंबू नका. प्लॉटच्या आसपासच्या झाडांचे बुंधे बघा, जुना काळा डाग लपत नाही. गुरं चारणाऱ्यांना विचारा. शेजारी वनखात्याची जमीन असेल तर जाळरेषा, म्हणजे आग अडवायला मोकळा केलेला पट्टा, काढली आहे का ते पाहा.

माझं मत विचाराल तर राहायला घर हवं असेल तेव्हा फ्लॅटच घ्यावा, पण टेकडीला चिकटलेल्या इमारतीऐवजी मागच्या ओळीतला. सकाळचं फिरणं तेवढंच जवळ राहतं आणि पीएलसीही वाचते. प्लॉट घ्यायचाच तर दोन बाजूंनी रस्ता, मेपर्यंत टिकणारं पाणी आणि भोवती गवत काढून पट्टा मोकळा ठेवायला जागा, एवढं असेल तरच. तो पट्टा दरवर्षी साफ करायची मजुरी, मोठी टाकी आणि पंप यांचा खर्च आधी काढा, तो भावातून कमी करून मागा, आणि टोकन द्यायच्या आधी एप्रिलच्या भर दुपारी तिथे एक चक्कर मारून या.