कुत्र्याच्या गोचिडींवर कडुनिंबाचं तेल: कोणती बाटली घ्यावी आणि भरवसा किती ठेवावा

पावसाळा लागला की कुत्र्याच्या कानामागे, पंज्याच्या बेचक्यात आणि गळपट्ट्याखाली गोचिडी सापडायला लागतात, आणि कोणी ना कोणी कडुनिंबाचं तेल आणायला सांगतं. सल्ला वाईट नाही. पण ‘कडुनिंबाचं तेल’ या एकाच नावाखाली बाजारात तीन वेगवेगळ्या वस्तू मिळतात. त्यातली एक कुत्र्याच्या अंगाला लावायचीच नसते, आणि बाकी दोन्हींकडून लोक भलतीच अपेक्षा धरून बसतात. म्हणून आधी बाटलीचं बघू.

घ्यायचं ते निंबोळीच्या गराचं, घाण्यावर गाळलेलं, काही न मिसळलेलं तेल. त्याचा रंग गडद, पिवळट तपकिरी असतो. वास उग्र असतो, लसूण आणि जुन्या शेंगदाण्यांची आठवण करून देणारा. थंडीत ते तुपासारखं थिजतं. तेल पाण्यासारखं पारदर्शक असेल, वास जवळजवळ नसेल किंवा अत्तराचा येत असेल, तर ते शुद्धीकरण केलेलं किंवा दुसऱ्या तेलात मिसळलेलं आहे असं समजावं. कीटकांच्या आणि गोचिडींच्या वाढीत अडथळा आणणारं मुख्य द्रव्य म्हणजे अझाडिरॅक्टिन. ते निंबोळीच्या गरात सर्वांत जास्त असतं, पाल्यात फार थोडं. ऊन आणि उष्णता त्याला सोसत नाही, म्हणून काचेची गडद बाटली आणि गाळल्याची तारीख या दोन गोष्टी पाहूनच पैसे द्यावेत. दुकानाच्या दारात उन्हात मांडून ठेवलेली बाटली घेऊ नये.

दुसरी वस्तू काष्ठौषधींच्या दुकानात मिळते: कडुनिंबाचा पाला तिळाच्या किंवा खोबरेल तेलात उकळून केलेलं तेल. घटकांमध्ये ‘निंबपत्र’ आणि ‘तीळ तेल’ असं लिहिलेलं असतं. कोरड्या, खाजऱ्या त्वचेला ते बरं वाटतं. गोचिडींवर मात्र त्याचा उपयोग नाही, आणि लोक तेच लावून ‘कडुनिंबाने काही होत नाही’ म्हणतात.

तिसरी वस्तू धोक्याची. कृषी सेवा केंद्रात ३००, १५०० किंवा १०००० पीपीएम (दहा लाख भागांत किती भाग अझाडिरॅक्टिन) असा आकडा छापलेला निंबोळी अर्क मिळतो. तो पाण्यात टाकताच दुधासारखा पांढरा होऊन मिसळतो, स्वस्त पडतो आणि आकडा बघून जास्त जोरदार वाटतो. पण तो कपाशी-तुरीवर फवारण्यासाठी बनवलेला असतो. त्यात पाण्यात मिसळण्यासाठी रसायनं आणि द्रावकं घातलेली असतात, आणि कुत्रा अंग चाटतो तेव्हा ती पोटात जातात. लेबलवर चौकोनातला रंगीत त्रिकोण दिसला की ती बाटली कीटकनाशकाची आहे, कुत्र्यासाठी नाही.

कोकणात आणि नदीकाठच्या गावांत करंजाचं तेलही सहज मिळतं. ते जास्त दाट असतं, खपल्या मऊ करायला चांगलं, गोचिडींना दूर ठेवण्यातही थोडी मदत करतं. पण अंगावर फार चिकट बसतं आणि त्यावर धूळ बसून केसांच्या जटा होतात. लांब केसांच्या कुत्र्याला ते नकोच.

आता कृती. इथे सगळ्यात जास्त चुका होतात, कारण तेल आणि पाणी एकत्र राहत नाही. नुसतं तेल बादलीत ओतलं तर ते वर तरंगतं. कुत्र्याच्या पाठीवर आधी साधं पाणी पडतं आणि शेवटी एकदम निखळ तेलाचा थर, मग तिथे लाल चट्टा उठतो. म्हणून तेल आधी पाण्यात मिसळेल असं फोडून घ्यायचं. आठ-दहा रिठ्यांची टरफलं अर्धा लिटर पाण्यात रात्रभर भिजवावीत, सकाळी दहा मिनिटं उकळून, चोळून, फडक्यातून गाळून घ्यावीत. या पाण्यातलं अर्धी वाटी घेऊन त्यात ५ मिलि निंबोळी तेल, म्हणजे साधारण एक लहान चमचा, घालावं आणि झाकणाच्या बाटलीत जोरजोरात हलवावं. एकसारखं पांढरट दिसेपर्यंत थांबू नये. मग ते १ लिटर कोमट पाण्यात ओतावं. गार पाण्यात तेलाच्या गुठळ्या होतात आणि फवाऱ्याचं तोंड बुजतं. रिठे नसतील तर लहान मुलांचा शाम्पू अर्धा चमचा चालतो. भांड्याचा साबण नको, तो त्वचा कोरडी करतो.

हे झालं अर्धा टक्का. दोन-तीन वेळा लावून त्वचेला काही त्रास झाला नाही तर १ लिटरला १० मिलिपर्यंत जावं, त्यापुढे नाही. जास्त तेलाने गोचिडी जास्त मरत नाहीत, फक्त खाज आणि चाटणं वाढतं. पहिल्या वेळी मांडीच्या आतल्या बाजूला थोडं लावून चोवीस तास बघावं. लावायचं ते संध्याकाळी, केसांच्या उलट दिशेने, त्वचेपर्यंत पोचेल असं. कानाच्या मागे, बगलेत, शेपटीच्या मुळाशी, बोटांच्या मध्ये. डोळे, नाकपुड्या, कानाचं भोक आणि उघडी जखम टाळावी. रिठ्याचं पाणी डोळ्यात गेलं तर भयंकर झोंबतं. चेहऱ्याला फवारा न मारता फडकं भिजवून पुसावं. अंग वाळेपर्यंत अर्धा तास कुत्र्याला चाटू देऊ नये, हवं तर गळ्यात प्लास्टिकचा कोन घालावा. तयार केलेलं पाणी त्याच दिवशी संपवायचं, दुसऱ्या दिवशी त्यात दम राहत नाही. आठवड्यातून दोनदा लावणं पुरे.

तेल पाजायचं मात्र कधीही नाही. ‘दोन थेंब दुधातून’ हा सल्ला फार फिरतो. निंबोळी तेल पोटात गेल्यावर लहान मुलांना उलट्या, ग्लानी आणि झटके आल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत. तीन महिन्यांखालच्या पिल्लांना आणि गाभण कुत्रीला हे तेल बाहेरूनही लावू नये. घरात मांजर असेल तर तेही सांभाळावं, कारण मांजर कुत्र्याला चाटतं आणि मांजराचं यकृत असली द्रव्यं नीट पचवू शकत नाही.

एवढं सगळं नीट केलं तर काय मिळतं? नव्या गोचिडी चढायचं प्रमाण काही तासांपुरतं, फार तर एक-दोन दिवस कमी होतं. पिल्लं गोचिडी, ज्या मोहरीएवढ्याही नसतात, त्यांच्यावर परिणाम बरा दिसतो. रक्त पिऊन टम्म फुगलेली, त्वचेत तोंड रुतवून बसलेली मादी मात्र या तेलाने गळून पडत नाही. तिच्यावर निखळ तेलाचा थेंब टाकून ती गुदमरेल असं वाटतं. पण गोचीड तासाला मोजकेच श्वास घेते, ती तशीच बसून राहते. उदबत्तीचा चटका आणि रॉकेल हे तर कुत्र्यावर अन्याय आहेत. बारीक चिमट्याने तिला त्वचेलगत धरावं, न पिळता सरळ वर ओढावं आणि साबणाच्या पाण्यात किंवा स्पिरिटमध्ये बुडवावं. बोटांनी चिरडू नये.

तेलावर सगळा भार टाकणाऱ्यांचं आणखी एका जागी चुकतं. आपल्याकडच्या कुत्र्यांवरची तपकिरी गोचीड आयुष्याचा बराच मोठा भाग कुत्र्याच्या अंगावर नसतेच. पोट भरलं की ती खाली उतरते, भिंतीच्या भेगेत, दाराच्या चौकटीत, फोटोच्या मागे जाते आणि मादी तिथे हजारांनी अंडी घालते. तिची सवय वर चढण्याची, म्हणून पडद्याच्या घडीत आणि छताच्या कोपऱ्यातही बघावं. कुत्र्याला रोज तेल आणि भिंत तशीच, असं केलं तर संख्या कमी होत नाही. भेगा पुट्टीने किंवा सिमेंटने बुजवाव्यात, कुत्र्याचं अंथरूण आठवड्यातून एकदा कढत पाण्यात धुऊन कडक उन्हात टाकावं, फटींमधून व्हॅक्यूम फिरवून पिशवी लगेच घराबाहेर फेकावी. अंड्यापासून पुन्हा अंड्यापर्यंतचं चक्र उबदार हवेत दोन-तीन महिन्यांत पुरं होतं, आणि उपाशी गोचीड महिनोन् महिने तग धरते. म्हणून ही साफसफाई निदान तीन महिने सलग चालू ठेवावी लागते. पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून सोडून देणाऱ्यांकडे गोचिडी पुन्हा येतात.

तेलात आणखी काय काय घालायचं याच्या याद्या लोक एकमेकांना पाठवतात, त्यातल्या बऱ्याच वस्तू आम्ही घरात कुत्रा असताना वापरूच देणार नाही. कापूर घातलेलं खोबरेल तेल आपल्याकडे खाजेवर सर्रास लावतात; कुत्र्याने ते चाटलं तर कापरामुळे झटके येऊ शकतात. टी ट्री तेल निखळ लावल्यावर कुत्री लटपटतात, मागच्या पायांतली ताकद जाते. लिंबाचा रस त्वचा भाजतो, त्यावर ऊन लागलं तर जास्तच. सीताफळाच्या बियांची पूड उवा मारते हे खरं, पण ती डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा होते, आणि कुत्रा अंग झटकतो तेव्हा पूड कुठे उडेल याचा नेम नाही. लसूण खाऊ घालण्याने गोचिडी पळतात हा समज तर सर्वांत महाग पडतो. कांदा-लसणातली गंधकाची संयुगं कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात, लक्षणं दोन-चार दिवसांनी दिसतात. गोचीड तापातला बबेसिया हा जंतूही तांबड्या पेशीच फोडतो. हिरड्या पांढऱ्या का पडल्या, लसणाने की तापाने, हे मग डॉक्टरांना ओळखायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ त्या कुत्र्याकडे नसतो.

पाल्याचा काढा मात्र निर्धास्त वापरावा. दोन मुठी ताजा पाला १ लिटर पाण्यात पंधरा मिनिटं उकळून, गार करून, अंघोळीनंतर शेवटचं पाणी म्हणून अंगावर ओतायचा. गोचीड मरत नाही, पण चावे उठलेली त्वचा शांत होते. कोरफडही चांगली. पान कापून दहा-पंधरा मिनिटं उभं ठेवावं, पिवळा चीक गळू द्यावा, गर धुऊन मगच लावावा. तो चीक चाटला तर जुलाब लागतात.

बंगल्याच्या आवारात, शेतावर किंवा भटक्या कुत्र्यांच्या संगतीत राहणाऱ्या कुत्र्याला पावसाळ्यात एकटं कडुनिंब पुरत नाही, हे आम्ही स्पष्ट सांगतो. एर्लिकिया या जंतूची लागण गोचीड चिकटल्यावर काही तासांतच होऊ शकते, आणि तेलाला तेवढा वेग नाही. अशा कुत्र्याला वजनाप्रमाणे महिनाभर किंवा त्याहून जास्त टिकणारी गोळी अथवा मानेवर टाकायचं औषध पशुवैद्यकाकडून घ्यावं. पूर्वी झटके आले असतील तर गोळीआधी ते जरूर सांगावं. फिप्रोनिल या कीटकनाशकाचं मानेवरचं औषध टाकायचं असेल तर आधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस तेल, रिठा, अंघोळ सगळं बंद. औषध त्वचेच्या तेलकट थरातून अंगभर पसरतं, तो थरच धुऊन काढला तर पैसे वाया जातात. फ्लॅटमध्ये राहणारा, पट्टा लावूनच बाहेर जाणारा, रोज हाताने तपासला जाणारा कुत्रा असेल तर तेलाचा फवारा आणि चिमटा यावर बरंच भागतं.

कुत्रा जेवण सोडून कोपऱ्यात बसला, अंग तापलं, हिरड्या फिकट दिसल्या, लघवी कोऱ्या चहासारखी झाली किंवा नाकातून रक्त आलं, तर तेलाची बाटली बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. रक्ताची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली तपासून आणि प्लेटलेटची (रक्त गोठवणाऱ्या पेशींची) मोजणी करून घ्यावी. एर्लिकिया निघाला तर डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक साधारण चार आठवडे चालतं. ते पोट भरलेलं असताना आणि वर पाणी पाजून द्यावं, नाहीतर गोळी अन्ननलिकेत अडकून तिथे व्रण होतो. पपईच्या पानांचा रस द्यायचा असेल तर डॉक्टरांना सांगून, औषधाच्या जोडीला, औषधाऐवजी नाही. आणि चौथ्या दिवशी कुत्रा उड्या मारायला लागला तरी उरलेल्या गोळ्या बंद करू नयेत.